दूरच्या यानाकडून फोटो पृथ्वीवर कसा उतरतो: कागद-पेन्सिल घेऊन करून बघण्याची कृती

जुलै १९६५. मरिनर ४ हे यान मंगळाजवळून नुकतंच पुढे निघून गेलं होतं. त्याने टेपवर साठवलेलं पहिलं छायाचित्र कॅलिफोर्नियातल्या पासादेनाच्या, नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत मुंगीच्या पावलांनी उतरत होतं. संगणकाकडून रीतसर चित्र तयार होईपर्यंत थांबायची तिथल्या इंजिनिअरांची तयारी नव्हती. शिवाय यानावरचा टेप रेकॉर्डर नीट चालला की नाही, हेही लवकर कळायला हवं होतं. मग त्यांनी येणारे आकडे कागदाच्या पट्ट्यांवर छापले, पट्ट्या शेजारीशेजारी लावल्या, कुठल्या आकड्याला कुठला रंग ते ठरवलं आणि खडू घेऊन आकडे रंगवायला बसले. यानाने जवळून टिपलेल्या मंगळाचं पहिलं चित्र असं हाताने रंगवलेलं आहे.

आपणही तेच करणार आहोत. चौकटींचा कागद, पेन्सिल आणि फोनच्या पलीकडे बसलेली एखादी धीराची व्यक्ती, एवढं सामान पुरे. तुम्ही यान, ती व्यक्ती पृथ्वी. प्रत्येक पायरीवर आधी कागदावर काय करायचं ते सांगतो, मग खरी यानं तेच काम कसं करतात ते. एक अट आहे: चित्राचं वर्णन करायचं नाही. फोनवरून फक्त शून्य आणि एक जाऊ द्यायचे.

पायरी १: चित्राचे आकडे करा

१६ बाय १६ चौकटी आखा आणि त्यात एक साधा ग्रह काढा. काळं आकाश, मधे गोल, गोलाची एक बाजू उजळ आणि दुसरी सावलीत. आता प्रत्येक चौकटीत ० ते ७ यांतला एक आकडा लिहा. ० म्हणजे काळंकुट्ट, ७ म्हणजे पांढरंशुभ्र. आठ छटांसाठी तीन बिट, म्हणजे शून्य किंवा एकच्या तीन जागा, लागतात (०००, ००१, ०१० असं १११ पर्यंत), म्हणून २५६ चौकटींचे झाले ७६८ बिट.

यानावरचा कॅमेरा हेच करतो. सेन्सरच्या प्रत्येक घरात जितका प्रकाश पडला तितका विद्युतभार साठतो, तो मोजला जातो आणि त्याचा आकडा होतो. मरिनर ४ च्या चित्रात २०० बाय २०० घरं होती आणि ६४ छटा, म्हणजे घरटी सहा बिट. गुरूच्याही पलीकडे गेलेल्या व्हॉयेजर यानांचा कॅमेरा ८०० बाय ८०० घरांचा आणि आठ बिटांचा. प्लूटोचे फोटो काढणाऱ्या न्यू होरायझन्सवरच्या लॉरी या दुर्बीण-कॅमेऱ्यात १०२४ बाय १०२४ घरं, प्रत्येकी १२ बिट. त्याआधीची तऱ्हा तर भन्नाटच होती. ऑक्टोबर १९५९ मध्ये सोव्हिएत लुना ३ ने चंद्राची पाठमोरी बाजू चक्क फिल्मवर टिपली, फिल्म यानातच धुतली, वाळवली आणि मग ती प्रकाशाच्या ठिपक्याने वाचत वाचत रेडिओवरून खाली पाठवली.

रंगाचं काय? यानांवरचे बरेच वैज्ञानिक कॅमेरे रंग ओळखतच नाहीत. भिंगासमोर लाल, हिरवी, निळी अशी गाळणी एकामागून एक सरकवून तीन वेगळे कृष्णधवल फोटो घेतले जातात. म्हणजे रंगीत फोटो हवा असेल तर खर्च तिप्पट.

पायरी २: किती वेळ लागेल ते आधीच मांडून ठेवा

हिशेब चौथीच्या मुलालाही जमेल असा आहे: रुंदी गुणिले उंची गुणिले घरटी बिट, भागिले सेकंदाला जाणारे बिट.

मरिनर ४ चे २,४०,००० बिट सेकंदाला ८.३३ बिट या वेगाने उतरायला ८ तास लागतात. अशी २१ पूर्ण चित्रं आणि बाविसाव्याचा थोडा भाग आला. लॉरीच्या एका फोटोचे सुमारे १ कोटी २६ लाख बिट होतात. प्लूटोपासून मिळणारा वेग सेकंदाला हजार बिट धरला, तर एका फोटोला साडेतीन तास. आणि तुम्ही फोनवर सेकंदाला एक बिट म्हणालात, तर तुमचा ग्रह तेरा मिनिटांत उतरेल. म्हणजे त्या वेगाच्या मानाने तुमचं बरं चाललंय.

इथे एक गल्लत हमखास होते. प्लूटोपासून रेडिओलहरी पृथ्वीवर यायला सुमारे साडेचार तास लागतात. हा प्रवासाचा वेळ झाला. फोटो उतरायला लागणारा वेळ वेगळा. पहिला बिट निघाल्यावर साडेचार तासांनी पोहोचतो, दुसरा त्याच्या मागोमाग, आणि शेवटचा बिट निघेपर्यंतच साडेतीन तास गेलेले असतात. पहिला वेळ प्रकाशाच्या वेगाने ठरतो, तिथे कोणाचं काही चालत नाही. दुसऱ्या वेळेवर मात्र माणसाची अक्कल चालते, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच्यासाठी आहेत.

न्यू होरायझन्स १४ जुलै २०१५ ला प्लूटोजवळून गेलं. त्या भेटीची सुमारे ५० गिगाबिट माहिती पूर्ण उतरायला २५ ऑक्टोबर २०१६ उजाडलं. भेट काही तासांची, टपाल पंधरा महिन्यांचं.

पायरी ३: जे सांगायची गरज नाही ते गाळा

तुमच्या कागदावरची ग्रहाच्या पोटातली आठ घरं घ्या. समजा आकडे असे आहेत: ५ ५ ५ ६ ६ ७ ७ ७. सरळ पाठवले तर २४ बिट. त्याऐवजी पहिला आकडा पूर्ण सांगा आणि पुढे फक्त आधीच्या घरापासूनचा फरक सांगा: ०, ०, +१, ०, +१, ०, ०. आता फरकांना संकेत द्या. शून्य फार वेळा येतो म्हणून त्याला सगळ्यांत आखूड, नुसता ‘०’. अधिक एकला ‘१०’, उणे एकला ‘११०’. मोठी उडी असेल तर ‘१११’ म्हणून पुढे मूळ आकडा. मोजा: सुरुवातीचे तीन, पाच शून्यांचे पाच, दोन अधिक-एकांचे चार. एकूण १२. निम्मा खर्च वाचला आणि पलीकडच्या व्यक्तीला चित्र जसंच्या तसं मिळालं.

ग्रहाच्या कडेवर, जिथे काळ्यातून एकदम उजळात उडी आहे, तिथे ही युक्ती उलट महाग पडते. एका घराला सहा बिट. पण आकाशाचा मोठा काळा भाग जवळजवळ फुकटात जातो, त्यामुळे एकंदर फायदाच होतो. यानांवरच्या ‘काहीही न गमावणाऱ्या’ कॉम्प्रेशनचं मूळ तत्त्व हेच.

त्याहून जास्त वाचवायचं तर काहीतरी गमवावं लागतं. मंगळावरच्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या गाड्यांसाठी केलेली आयसर ही पद्धत मला त्या दृष्टीने फार आवडते. ती आधी चित्राचा ढोबळ आकार पाठवते, मग बारकावे, मग त्याहून बारकावे. मधेच कुठेही थांबवलं तरी हाती पूर्ण चित्रच असतं, थोडं धूसर इतकंच. तुम्हीही करून बघा: आधी चार-चार घरांची सरासरी सांगा, म्हणजे ८ बाय ८ चं चित्र होईल, आणि मग फरक भरत जा. ‘अरे, हा तर गोल आहे!’ हे पलीकडून किती लवकर ऐकू येतं ते पाहा.

याच्या जोडीला क्रम ठरवणं येतं. मंगळावरच्या गाड्या आधी टपालतिकिटाएवढे नमुने पाठवतात. ते बघून कुठला फोटो पूर्ण मागवायचा ते ठरतं. न्यू होरायझन्सनेही भेटीच्या दिवसांत मोजके फोटो दाबून-चेपून पाठवले आणि त्यांच्या अस्सल प्रती नंतर सवडीने.

या पायरीचं खरं मोल कळलं ते गॅलिलिओ यानाच्या वेळी. गुरूकडे निघालेल्या या यानाची मोठी अँटेना छत्रीसारखी मिटलेली होती. एप्रिल १९९१ मध्ये ती उघडायला गेले तर अडकली, आणि पुढे कितीही खटपट केली तरी उघडली नाही. सेकंदाला १,३४,००० बिटांची आशा होती, हातात उरली छोटी अँटेना आणि दहा-वीस बिट. यान वाटेवर होतं, आता त्याला हात लावता येत नव्हता. पण त्याचा प्रोग्रॅम बदलता येत होता. नवं कॉम्प्रेशन, चुका दुरुस्त करण्याची नवी संकेतपद्धत, पृथ्वीवर अनेक डिशची जुळणी असं सगळं करून वेग १६० बिटांपर्यंत नेला गेला. १९९५ च्या डिसेंबरात यान गुरूपाशी पोहोचलं. मग गुरूच्या चंद्रांजवळून जाताना टेपवर भरून घ्यायचं आणि पुढचे कित्येक आठवडे थेंबे थेंबे खाली सोडायचं, असा त्याचा दिनक्रम झाला.

पायरी ४: चुका होणारच, हे धरून चाला

फरक पाठवण्यात एक धोका आहे. एक बिट चुकला की त्या ओळीतली पुढची सगळी घरं चुकतात. पलीकडच्या व्यक्तीला मुद्दाम गोंगाटात बसवा आणि काय होतं ते अनुभवा.

पहिला उपाय सगळ्यांनाच सुचतो: प्रत्येक बिट तीनदा सांगा, बहुमत घ्या. ६४ बिटांसाठी १२८ जादा बिट गेले! त्याऐवजी ते ६४ बिट ८ बाय ८ च्या चौकोनात मांडा. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक बिट असा लिहा की ओळीतल्या एकांची संख्या सम होईल. प्रत्येक स्तंभाखालीही तसंच. फक्त १६ बिट जादा. पलीकडच्या व्यक्तीला तिसरी ओळ आणि पाचवा स्तंभ विषम दिसला, तर चुकलेला बिट नेमका त्या दोघांच्या छेदावर आहे. उलटा केला की काम झालं. पुन्हा विचारायची गरज नाही. प्लूटोला ‘काय म्हणालास?’ विचारलं तर उत्तर नऊ तासांनी येणार, हे लक्षात घेतलं की या गोष्टीची किंमत कळते.

आपल्या चौकोनात एक चूक सुधारते. दोन झाल्या की तो गोंधळतो. मरिनर ९ ने १९७१ मध्ये याहून दणकट रीड-म्युलर संकेत वापरला: सहा बिटांसाठी ३२ बिट, आणि त्यातले सातपर्यंत चुकले तरी मूळ सहा परत मिळतात. खर्चिक, पण भरवशाचा. पुढे व्हॉयेजर २ ने वापरलेला रीड-सॉलोमन संकेत २२३ बाइटांना (एक बाइट म्हणजे आठ बिट) ३२ बाइट जोडतो आणि त्या गठ्ठ्यातले १६ बाइट बिघडले तरी सावरतो. नंतर आलेले टर्बो आणि एलडीपीसी संकेत तर गणिताने घालून दिलेल्या मर्यादेच्या अगदी जवळ जातात.

आणखी एक साधी युक्ती. गोंगाट बहुधा झुबक्याने येतो आणि सलग दहा बिट खाऊन टाकतो. म्हणून पाठवण्याआधी बिट पत्त्यांसारखे पिसायचे आणि पोहोचल्यावर मूळ क्रमाने लावायचे. झुबका विखुरतो, प्रत्येक गठ्ठ्याच्या वाट्याला एखादीच चूक येते.

पायरी ५: गठ्ठे बांधा, खूण लावा

ही पायरी मी पहिल्यांदा गाळली होती. माझ्या मित्राने मधला एक आकडा ऐकला नाही आणि तिथून पुढे माझा ग्रह एक घर डावीकडे सरकला. दर ओळीत असा एकेक आकडा निसटत गेला, म्हणून पुढच्या ओळीत दोन घरं. शेवटी गोलाऐवजी तिरकी काकडी उतरली.

म्हणून प्रत्येक ओळीआधी ठरलेली खूण म्हणा, आपापसात ठरवलेली आठ बिटांची एखादी रचना, आणि तिच्यामागे ओळीचा क्रमांक. खूण ऐकू आली की पलीकडची व्यक्ती पुन्हा ताळ्यावर येते; नुकसान एका ओळीपुरतं राहतं. यानंही माहितीच्या प्रत्येक गठ्ठ्याआधी, बहुधा ३२ बिटांची, ठरावीक खूण जोडतात.

पायरी ६: डिश रोखा

इथून पुढे कागदाचा उपयोग थोडा कमी होतो. बिट रेडिओलहरीवर चढवतात ते तिच्या कलेत (फेजमध्ये) बदल करून: लहर ठरल्या वेळी किंचित पुढे-मागे सरकवली की शून्याचा एक होतो. दूरच्या यानांची नेहमीची वारंवारता ८.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असते. वारंवारता जास्त म्हणजे तेवढ्याच डिशमधून झोत अरुंद, आणि झोत अरुंद म्हणजे पृथ्वीच्या वाट्याला जास्त शक्ती.

अरुंद म्हणजे तरी किती? न्यू होरायझन्सची डिश २.१ मीटरची आणि ट्रान्समीटर १२ वॅटचा, घरातल्या एलईडी दिव्याएवढा. झोत साधारण एक अंशाचा. प्लूटोपासून पृथ्वीपर्यंत येता येता तो आठ कोटी किलोमीटरांहून रुंद होतो, आणि त्यात पृथ्वी आहे जेमतेम पावणेतेरा हजार किलोमीटरची. बाकीची सगळी शक्ती अंतराळात सांडते.

आणि डिश यानाला पक्की जोडलेली असेल तर तिसरीच पंचाईत. कॅमेरा प्लूटोकडे वळवायचा तर डिश पृथ्वीकडून हलते. म्हणून ऐन भेटीच्या वेळी न्यू होरायझन्स गप्प होतं. सगळं आटोपल्यावर त्याने ‘मी सुखरूप आहे’ एवढाच निरोप आधी धाडला.

जवळ मध्यस्थ असेल तर काम सोपं होतं. मंगळावरच्या गाड्या स्वतःच्या छोट्या अँटेनाने थेट पृथ्वीशी बोलल्या तर वेग फार कमी मिळतो. त्याऐवजी डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाकडे माहिती भराभर सोपवायची, तो पुढे पोहोचवतो. अशाच एका उपग्रहाची, मार्स रिकनिसन्स ऑर्बिटरची, डिश तीन मीटरची आहे. पण मध्यस्थाचे कानही उघडे हवेत. १४ जानेवारी २००५ ला हायगेन्स हे यान शनीच्या टायटन या चंद्रावर उतरलं तेव्हा ते दोन वाहिन्यांवरून शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानाला माहिती देत होतं. त्यांतल्या एका वाहिनीचा रिसीव्हर चालू करण्याची आज्ञाच कॅसिनीला दिलेली नव्हती. जवळजवळ निम्मी चित्रं तिथेच, कोणी न ऐकता, हवेत विरली.

पायरी ७: अंतराचा वर्ग विसरू नका

अंतर दुप्पट झालं की मिळणारी शक्ती चौथाई होते. व्हॉयेजरने गुरूपासून सेकंदाला १,१५,२०० बिट पाठवले. नेपच्यून साधारण सहापट लांब, म्हणजे शक्ती छत्तिसावा हिस्सा. सरळ भागाकार केला तर ३,२०० बिट मिळायला हवेत. प्रत्यक्षात १९८९ मध्ये तिथून २१,६०० मिळाले!

यान तेच, ट्रान्समीटर तोच, १९७७ मध्ये निघालेला. बदलली ती पृथ्वी. ६४ मीटरच्या डिश वाढवून ७० मीटर केल्या गेल्या, ऑस्ट्रेलियातली पार्क्सची डिश आणि न्यू मेक्सिकोतल्या व्हेरी लार्ज ॲरेच्या २७ डिश जोडीला घेतल्या, आणि यानालाही अधिक चांगलं कॉम्प्रेशन व संकेत वरून शिकवले. या सगळ्या विषयातलं माझं सर्वांत आवडतं उदाहरण हेच.

पायरी ८: ऐका

नासाचं डीप स्पेस नेटवर्क तीन ठिकाणी आहे: कॅलिफोर्नियातलं गोल्डस्टोन, स्पेनमधलं माद्रिद आणि ऑस्ट्रेलियातलं कॅनबेरा. पृथ्वी फिरत असल्याने एकाच ठिकाणाहून यान चोवीस तास दिसत नाही. तिघांमध्ये कोणी ना कोणी त्याच्याकडे तोंड करून असतं. भारताची अशा कामाची ३२ मीटरची डिश बंगळुरूजवळ ब्यालालूला आहे.

व्हॉयेजर १ कडून ७० मीटरच्या डिशमध्ये पडणारी शक्ती एका वॅटच्या अब्जांशाचा पुन्हा अब्जांश, त्याहूनही कमी भरते. इतक्या क्षीण आवाजापुढे रिसीव्हरच्या स्वतःच्या उष्णतेची खरखरही मोठी ठरते. म्हणून पहिला ॲम्प्लिफायर उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास गोठवून ठेवतात. शिवाय यान आणि पृथ्वी दोन्ही धावत असल्याने वारंवारता सतत सरकते, तिचा पाठलाग करत राहावं लागतं.

रेडिओला पर्याय म्हणून लेझर येतो आहे. ११ डिसेंबर २०२३ ला सायकी यानाने ३ कोटी १० लाख किलोमीटरवरून, २२ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून, टेटर्स नावाच्या मांजराचा व्हिडिओ सेकंदाला २६ कोटी ७० लाख बिट या वेगाने धाडला. तो कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या ५.१ मीटरच्या हेल दुर्बिणीने झेलला. लेझरचा झोत एवढ्या अंतरावरही काहीशे किलोमीटरच पसरतो. नेम चुकला तर मात्र काहीच मिळत नाही, आणि ढग आले तरी नाही.

पायरी ९: उलट्या क्रमाने सोडवा

खूण शोधा, पिसलेले बिट लावा, चुका सुधारा, फरक जोडून मूळ आकडे काढा, रंगवा. मग कॅमेऱ्याचे दोष काढायचे: अंधारातही सेन्सरने नोंदलेला खोटा प्रकाश वजा करायचा, कमी-जास्त संवेदनशील घरांचा समतोल साधायचा. व्हॉयेजरच्या मूळ फोटोंत काळ्या ठिपक्यांची जाळी दिसते. ती घाण नव्हे. चित्र कुठे ताणलं गेलंय ते ओळखायला मुद्दाम ठेवलेली मोजपट्टी आहे. पण जे आकड्यांत आलंच नाही ते इथे काढता येत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पायरी १०: खरे आकडे घेऊन बसा

कागद झाला की खऱ्या फोटोंकडे वळा. नासाच्या प्लॅनेटरी डेटा सिस्टिमवर कॅसिनी, व्हॉयेजर आणि इतर यानांच्या मूळ प्रती कोणालाही मोफत मिळतात. इस्रोच्या प्रदान पोर्टलवर चांद्रयान २ ची माहिती आहे. सुरुवातीला कॅसिनीचे शनीचे फोटो घ्या. एकाच कॅमेऱ्याने, काही मिनिटांच्या अंतराने, लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून घेतलेले तीन फोटो शोधा. नोंदीत गाळण्यांची नावं आरईडी, जीआरएन, बीएल१ अशी असतात. गिम्प या मोफत प्रोग्रॅममध्ये तिन्ही उघडा, ‘कलर्स’ मेन्यूतल्या ‘कंपोनंट्स’मध्ये ‘कंपोझ’ निवडा आणि लाल, हिरव्या, निळ्याच्या जागी ज्याचा त्याचा फोटो द्या. थर वेगळे ठेवून, शनीची कड एकमेकींवर बसेपर्यंत ते एकेक घर सरकवा.

शनी नीट बसला तरी शेजारच्या एखाद्या चंद्राच्या जागी लाल, हिरवा आणि निळा असे तीन ठिपके दिसले, तर तुमचं काही चुकलेलं नाही. गाळणी बदलेपर्यंत चंद्र पुढे गेलेला असतो. तो वेगळा कापून घ्या, त्याचे थर स्वतंत्र जुळवा आणि परत जागेवर ठेवा.